बाटलीतला बटाटा आणि भोपाळची यादी

पुस्तकं तपासायच्या कचेरीत पुस्तकांचे ढीग साठत असतील, असं लोकांना वाटतं. छे हो! पुस्तकं येतात, शिक्का घेतात आणि जातात. साठतात ते किस्से. आणि त्यांचं एक वाईट असतं. घडताना आपल्याला रडू येतं आणि सांगायला लागलं की समोरचे हसतात. त्या वर्षी मी इतकी घाबरलेली होते, की यातल्या एकाही प्रसंगाला तेव्हा हसल्याचं मला आठवत नाही. तुम्ही खुशाल हसा.

ग्वाल्हेरला महाराज बाड्याजवळ दोन खोल्यांत आमची कचेरी होती. शाळांच्या वाचनालयांसाठी मुलांची माहितीची पुस्तकं तपासायची, हे काम. गोष्टी नाहीत, कविता नाहीत. पाऊस कसा पडतो, आगगाडी कशी चालते, मुंगी काय खाते, असली पुस्तकं. माहिती खरी आहे का आणि दहा वर्षांच्या पोराला कळेल का, एवढं बघून शिक्का मारायचा. आम्ही तिघं होतो. अण्णासाहेब टोकेकर मुख्य परीक्षक, माथुरबाबू हिंदी पुस्तकं बघायचे आणि मराठी पुस्तकं माझ्याकडे. मी घोरपड्यांची सुमन. आमचे खापरपणजोबा दक्षिणेतून फौजेबरोबर घोड्यावर आले. मी पाटणकर बाजारातून पायी कचेरीत जायची, हातात लाल पेन्सिल.

संस्थान जाऊन मध्य भारत झाला होता. आता दिवाळीच्या सुमारास मध्य भारतही मोडून मोठा मध्य प्रदेश होणार होता. चार ठिकाणच्या कचेऱ्या एक होणार, म्हणजे माणसं जास्त आणि खुर्च्या कमी. जो उरेल तो 'सरप्लस'! माझी जागा तात्पुरती, त्यातून मराठीची. आणि घरी आईने इंदूरचं एक स्थळ थांबवून धरलेलं. त्यांना नोकरी करणारी सून नको होती. "तुझं नोकरीचं काय ते ठरू दे, मग त्यांना कळवते," असं आई रोज म्हणायची. मला ती नोकरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

*

सगळ्यात आधी आलं ते 'आपल्या राज्या'वरचं पुस्तक. सराफा बाजारातल्या एका दुकानदाराने हौसेने छापलेलं. त्यात लिहिलं होतं, की आपल्या राज्याच्या दोन राजधान्या आहेत, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. आता हे खरं की खोटं?

अण्णासाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं, "आज बरोबर. दिवाळीनंतर चूक."

दुकानदार धावत आला. "साहब, पाँच सौ कापी छप गई हैं! राजधानी तो मैं बदल नहीं सकता, पर्ची चिपका सकता हूँ."

"चिपकाओ. पण कुठली? कोई कहता है भोपाल, कोई कहता है जबलपुर."

दुकानदाराने दोन्ही खिशांत हात घातले आणि टेबलावर चिठ्ठ्यांच्या दोन गड्ड्या ठेवल्या.

"दोनों छपवा ली हैं, साहब. आप बस इशारा कीजिए!"

*

दोन राजधान्यांवरून आठवलं. दर उन्हाळ्यात काही कचेऱ्यांचं सामान ट्रंकांत भरून इंदूरला जायचं. आमची कचेरी जागची हलत नसे. पण त्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या सामानाबरोबर आमची एक ट्रंक गेली, आत तपासायला आलेली अकरा पुस्तकं. पावसाळा संपेपर्यंत काही ती परतली नाही.

एका लेखकाची पत्रांवर पत्रं. 'नद्या कशा वाहतात' याबद्दल त्याने लिहिलं होतं आणि निकालासाठी बिचारा तळमळत होता. ट्रंक हरवली असं सरकारी कागदावर लिहिणार कसं? लिहिलं तर ठपका आमच्यावर. मी तीन मसुदे केले, तिन्ही अण्णासाहेबांनी फाडले आणि शेवटी स्वतःच पत्र लिहिलं.

"आपले पुस्तक हवापालटासाठी इंदूरला गेले आहे. प्रकृती उत्तम आहे. परतताच कळवू."

*

अण्णासाहेबांचा एक नियम होता. पुस्तकात प्रयोग दिला असेल, तर तो कचेरीत करून बघायचा. "करून पाहिलं नाही त्यावर सही नाही!" त्यामुळे आमच्या कचेरीत मेणबत्त्या, चुंबक, फुगे, असं काय काय असायचं.

एका पुस्तकात प्रयोग होता. बाटलीत जळता कागद टाकायचा आणि तोंडावर सोललेलं उकडलेलं अंडं ठेवायचं. अंडं आपोआप आत जातं. माथुरबाबू खूश झाले, "मैं अभी दो उबलवा के लाता हूँ, एक प्रयोग का, एक मेरा!" पण अण्णासाहेबांना कचेरीत अंडं चालेना. मग त्यांनी तोड काढली, "बटाटा घ्या. तत्त्व तेच."

तत्त्व तेच असेलही. बटाटा निम्मा आत गेला आणि मानेत अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मी बाटली दोन पायांत धरलेली, माथुरबाबू बटाट्याला सुरी टोचताहेत, अण्णासाहेब सूचना देताहेत, आणि दारात एक गृहस्थ उभे! विलीनीकरणासाठी कचेरीतल्या सामानाची यादी करायला आलेले.

"यहाँ काम क्या होता है?" त्यांनी विचारलं.

माथुरबाबूंनी सुरी पाठीमागे लपवली. गृहस्थांनी मुकाट्याने यादी केली. टेबलं तीन, खुर्च्या चार, कपाटं दोन. बाटलीपाशी जरा थांबले, उचलली, उलटी केली, हलवली आणि लिहिलं, "बोतल काँच की, एक. भीतर आलू. अलग नहीं होता."

तोवर राजधानी भोपाळ ठरली होती. ती यादी भोपाळला गेली.

*

पुस्तक पास करण्याआधी मी ते एखाद्या मुलाला वाचायला द्यायची. रोगजंतूंवरचं एक छान मराठी पुस्तक आलं होतं, ते मी आमच्या शेजारच्या कमूला दिलं. तिसऱ्या दिवशी तिची आई थेट कचेरीत.

"सुमनताई, काय दिलंत हो पोरीला? दोन दिवस झाले, पानी उबाळल्याशिवाय पीत नाही! पोळीवर माशी बसली म्हणून काल ताट सरकवून उठली. बाबा घरी आले की दारातच त्यांना हात दाखवायला लावते, आणि म्हणते, 'नाखून कापा, नाहीतर अंदर नका येऊ!' आज तर सासूबाईंना म्हणाली, तुमच्या मिसरीत कीटाणू आहेत!"

मी घाबरले. तक्रार वर गेली तर? सरप्लसची यादी निघायच्या दिवसांत तक्रार म्हणजे संपलंच. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पेला हातात घेतला, आत बघितलं आणि हळूच विचारलं, "उबाळलेलं आहे ना?"

मी शेरा लिहिला, "पुस्तक परिणामकारक. फार परिणामकारक."

*

जसजशी दिवाळी जवळ यायला लागली, तसतशी आमची सह्या करायची हिंमत गेली. काही चुकलं आणि ते नेमकं नव्या साहेबांच्या हाती पडलं तर? मी एकेक वाक्य चार चार वेळा वाचायची. 'सूर्य पूर्वेला उगवतो' याच्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवलेली मला पुढे सापडली. अण्णासाहेब प्रत्येक पुस्तकावर 'पुनर्विचारार्थ' लिहून कपाटात ठेवायला लागले.

एकदा मी जंगली जनावरांचं पुस्तक घेऊन अर्धा तास नुसती बसून होते. माथुरबाबू म्हणाले, "क्या हुआ बहनजी?"

"यात लिहिलंय, वाघाला चार पाय असतात."

"तो?"

"काही नाही. सही करायची आहे."

माथुरबाबूंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, चित्रातले पाय बोटाने मोजले आणि गंभीरपणे म्हणाले, "चार तो हैं. फिर भी, भोपाल से पूछ लें?"

अण्णासाहेब पलीकडून म्हणाले, "पूछ लो!" आणि ते थट्टा करत नव्हते.

*

मग एक दिवस भोपाळचं पाकीट आलं. जाड, लाखेचा शिक्का मारलेलं. कोण राहणार, कोण जाणार, कोण सरप्लस, ती यादी येणार येणार म्हणून महिनाभर ऐकत होतो. पाकीट टेबलाच्या मध्यभागी ठेवलं आणि आम्ही तिघं तीन बाजूंना बसलो.

अण्णासाहेब म्हणाले, "आधी चहा घेऊ." चहा झाला. मग माथुरबाबू पान खायला गेले. मग अण्णासाहेब हात धुवायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत. मी एकटीच पाकिटाकडे बघत बसले होते. आईचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता, आणि इंदूरच्या त्या लोकांचं पत्र, जे मी न वाचताच आईला परत दिलं होतं.

दुपारी तीन वाजता अण्णासाहेब म्हणाले, "सुमन, तू लहान आहेस, तू फोड." मी म्हटलं, "तुम्ही मोठे आहात, तुम्ही फोडा." शेवटी माथुरबाबूंनी हनुमानाचं नाव घेऊन फोडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. आणि कागद टेबलावर पालथा ठेवला.

"कोण? कोण गेलं?" अण्णासाहेब ओरडले.

"कोई नहीं," माथुरबाबू म्हणाले. "पूछा है, आलू बोतल में किसके आदेश से डाला गया. खुलासा माँगा है, तीन प्रति में!"

*

खरी यादी नाहीच आली. त्याऐवजी एक माणूस आला. दुबे साहेब, नव्या शिक्षण खात्याचे. सभ्य माणूस, बोलायला गोड, म्हणून जास्तच भीती वाटायची. अण्णासाहेबांचं आणि माथुरबाबूंचं त्यांनी दहा मिनिटांत आटपलं. दोघंही कायम नोकरीतले, दोघांचीही भोपाळला सोय होती. मग माझ्याकडे वळले.

"बहनजी, आपके काम में कोई कमी नहीं. मुझे बस एक बात देखनी है. यहाँ के बच्चों को मराठी किताब की जरूरत है क्या? नहीं है, तो मराठी परीक्षक किसलिए?"

मी म्हटलं, "चला, शाळेत चलून बघा."

मी पास केलेली सहा मराठी पुस्तकं घेतली आणि टांग्याने आम्ही गावातल्याच लष्कर भागातल्या एका मराठी शाळेत गेलो. साहेब असं काही विचारतील या अंदाजाने मी मुख्याध्यापिकाबाईंना आदल्या दिवशीच निरोप धाडला होता. त्यांनी एका हुशार मुलाला पहिल्या बाकावर बसवून ठेवलं होतं, केस चोपडून, उत्तरं पाठ करवून. दुबे साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ खिडकीपाशी गेले. तिथे एक काटकुळी मुलगी बसली होती, दहा वर्षांची असेल. नाव शकू. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे ही नको!

साहेबांनी तिच्या हातात मुंग्यांचं पुस्तक दिलं. "पढ़ो बेटी. फिर बताना."

शकूने चार पानं वाचली. वाचताना ओठ हलत होते. मग उभी राहिली आणि सुरू झाली.

"साब, चींटी रास्ते में अपनी गंध छोड़ती जाती है. पीछेवाली उसी को सूँघते-सूँघते आती है. बीच में उँगली फेर दो ना, तो सब गड़बड़ा जाती हैं! और जो रानी होती है, वो बाहर ही नहीं निकलती..."

सगळं अचूक. एक गोष्ट सुटली नाही. आधी मला इतका अभिमान वाटला, की मी आणलेल्या पुस्तकातलं पोरीला सगळं कळलंय! आणि मग लक्षात आलं, की ही अस्सल हिंदीत बोलते आहे आणि वाक्यागणिक माझी जागा जाते आहे. एक तरी मराठी शब्द बोल गं बाई! मी डोळ्यांनी खुणा केल्या. तिला वाटलं मी शाबासकी देतेय. ती हसली आणि आणखी जोरात सांगायला लागली.

"बहुत बढ़िया!" दुबे साहेब म्हणाले. माझ्याकडे वळले. "देखा आपने? इतनी अच्छी हिंदी! पूरा समझा भी दिया. अब आप ही बताइए, मराठी किताब किसलिए?"

त्यांनी डायरी उघडली आणि पेनचं टोपण काढलं. 'मराठी परीक्षक' हे दोन शब्द लिहिलेले मला उलटे दिसले. काय बोलायचं ते मी टांग्यात घोकत आले होते. मुलं घरी काय बोलतात, विचार कशात करतात, सगळं. त्यातलं एक अक्षर आठवेना. बाई जमिनीकडे बघत होत्या.

शकूला खाली बस म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. ती पुस्तकात बोट घालून तशीच उभी होती.

"साब," ती म्हणाली, "आपने हिंदी में पूछा, तो हिंदी में बताया."

दुबे साहेबांचं पेन थांबलं. शकूने एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे वळून काळजीने विचारलं,

"ताई, मराठीतनं पण सांगते ना मी. पण यांना समजेल का?"