सलात्यातली चिमूटभर साखर

कोशिंबीर चिरायला कुणी परराज्यात जातं का? आम्ही गेलो. मॉरिसव्हिलमधली आमची जुनी शेजारीण नजीबा आता व्हर्जिनियात, फ्रेडरिक्सबर्गला राहते. तिच्या मनगटाला प्लास्टर होतं, आणि काबूलहून नुकतेच आलेले तिचे वडील धड जेवत नव्हते. दिवसभर खिडकीपाशी बसून असायचे. “सलाता, म्हणजे आमची कोशिंबीर, असला तरच दोन घास जातात,” ती फोनवर म्हणाली, “आणि मला चिरता येत नाही.” मी ताबडतोब म्हटलं, “शनिवारी येते!” फोन ठेवल्यावर शंका आली, ही मदत की मिरवणं?

रस्ता सोपा आहे, ८५ नंबरचा हायवे आणि मग ९५. फक्त रिचमंडनंतर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, म्हणून लवकर निघा. आम्ही उशिरा निघालो, कारण घरची सुरी न्यावी की नाही, यावर मी विचार करत होते. शेवटी नॅपकिनमध्ये गुंडाळून नेली. फ्रेडरिक्सबर्गच्या अफगाणी बेकरीतले हातभर लांब, गरम नान जरूर घ्या. स्वस्त असतात, आणि एक गाडीतच संपतो.

नजीबाच्या ओट्यावर टोमॅटो, काकडी, कांदा, कोथिंबीर, पुदिना, लिंबं. मी इतकं बारीक चिरलं की फोटोसुद्धा काढला. माझा नवरा मिलिंद, मूळचा नागपूरचा, चव घेऊन थबकला.

“साखर घातलीस?”

चहाच्या साखरेचा डबा शेजारी उघडा होता. हात आपोआप गेला होता.

“यार, तुम्हा पुणेकरांना काबूलचा माणूसही गोड करून हवा!”

मी नजीबाला लगेच कबूल केलं. ती हिंदीत म्हणाली, “लिंबू पिळ, बाबांना कळणार नाही.”

कळलं. बाबांनी एक चमचा खाल्ला, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या दरी भाषेत काहीतरी बोलले. नजीबाने तोंडावर हात ठेवला.

“काय म्हणाले?”

“म्हणतात, या मुलीला मुरंबा कुणी सांगितला?”

बाबा खुर्ची सरकवून उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. “आल्यापासून पहिल्यांदा आत गेलेत,” नजीबा कुजबुजली. आतून माझ्या सुरीचा टकटक आवाज येत होता. नवा सलाता घेऊन ते बाहेर आले. त्यांनी वाळका पुदिना तळहातांवर चुरून वर घातला, आधी माझ्या ताटात ढीग वाढला आणि म्हणाले, “बुखोर!” याचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. मग स्वतः दोनदा भात घेतला.

परतताना मी विचारलं, “म्हणजे मदत झाली म्हणायची का?”

“झाली ना. तुझी नाही, साखरेची,” मिलिंद म्हणाला.

परवा नजीबाचा फोन आला. बाबा आता सलाता रोज स्वतःच करतात, आणि मुरंबावाली कांदा चिरायला परत कधी येणार, असं विचारतात. फक्त कांदा.

माझी सुरी तिकडेच राहिली आहे. बाबा तीच वापरतात म्हणे. परत मागावी की नाही, यावर माझा विचार चालू आहे.