वॉक-ऑन

चौथीच्या परीक्षेला बसून मिळते ती स्कॉलरशिप, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यामुळे बारावीतली लेक म्हणाली, "आई, अमेरिकेतली कॉलेजं फुटबॉलवर स्कॉलरशिप देतात," तेव्हा मी विचारलं, "पेपर कुठला असतो गं?" तिने कपाळाला हात लावला. पेपर नाही, माझे गोल बघतात, मॅचचे व्हिडिओ पाठवलेत, म्हणाली. फी माफ झाली तरच जायचं, नाहीतर भांडुपमध्ये राहून इथलंच कॉलेज, हे मात्र तिला मी आधीच बजावलं होतं.

एका संध्याकाळी तिकडच्या कोचबाईंचा फोन थेट माझ्या मोबाईलवर. लेक आरेतल्या मैदानावर, तिथे हिला कधी रेंज मिळालीये? मी कुकर बंद केला. बाई सुसाट बोलत होत्या. मला धड कळलं ते एकच: तुमची मुलगी आम्हाला वॉक-ऑन म्हणून हवी आहे. आता, वॉक-इन इंटरव्ह्यू मला चांगला माहीत. मी स्वतः तसाच देऊन नोकरीला लागले. म्हटलं, हे त्याच्याही वरचं दिसतंय, इंटरव्ह्यूसुद्धा नाही! "येस, येस, थँक यू," म्हणून मोकळी झाले.

नवरा मालवणचा. ऐकल्याबरोबर दारातच ओरडला, "आपला चेडू अमेरिकेक चालला!" आणि पेढे आणायला पळाला. अख्ख्या मजल्यावर वाटून आला.

लेक आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. मी तिच्या तोंडात पेढा कोंबला नि सगळं सांगितलं. तिचं चघळणं थांबलं.

"आई, वॉक-ऑन म्हणजे टीममध्ये ये, खेळ, पण स्कॉलरशिप नाही. फी आपण भरायची."

"म्हणजे तू त्यांना आवडली नाहीस?"

"आवडले ना. म्हणून तर घेतायत."

"मग फी का माफ करत नाहीत?"

"तेवढी नाही आवडले."

हे काय नवीन? माझं डोकंच चालेना. आमच्याकडे एकतर पसंत, नाहीतर नापसंत. हे मधलं काय असतं? तेवढ्यात शेजारीण दारात आली, "अभिनंदन हं!" मीही हसून "थँक यू" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? राग तर असा आला होता, पण कुणावर काढू? कोचबाई बिचाऱ्या गोडच बोलल्या होत्या. नवरा समोर होता, म्हणून त्याच्यावर खेकसले.

"मी काय केलंय?" तो पेढ्यांचा रिकामा बॉक्स घेऊन उभा.

लेक खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. मी हळूच म्हटलं, "त्यांना कळवायला हवं गं. नाही म्हणून."

तिने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.

"हो तू म्हणालीस ना? मग नाहीपण तूच म्हण. माझ्याच्याने नाही होणार."