त्रास देण्याची परवानगी

प्राणिशास्त्रात एमएस्सी झाले आणि ठाण्यातल्या एका पर्यावरण सल्लागार कंपनीत मला नोकरी लागली. डोंबिवलीत आमच्या सोसायटीत आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची, "प्राण्यांसाठी काम करते." मीही ते खोडून काढत नसे. प्रत्यक्षात आम्ही काम करायचो ते बिल्डरांसाठी. कोणाला खाडीकिनारी काही बांधायचं असलं की परवानगीसाठी एक जाडजूड अहवाल लागतो. या बांधकामाने निसर्गाचं काय बिघडेल, हे त्यात असतं. आणि ते लिहायला आम्हाला नेमतो कोण, तर ज्याला बांधायचंय तोच.

तेव्हा कोलशेतच्या पुढे एका मोठ्या गृहसंकुलाला खाडीत स्वतःचा धक्का हवा होता. तिथे राहायला येणाऱ्यांनी संध्याकाळी बोटीतून फिरायचं, अशी कल्पना. अहवालातलं सागरी सस्तन प्राण्यांचं प्रकरण माझ्याकडे आलं.

"दोन पानं पुरे," आमचे सर म्हणाले. "मागच्या बंदराच्या रिपोर्टातून उचल."

मी ती जुनी फाइल उघडली. त्यात लिहिलं होतं की प्रकल्पक्षेत्रात अशा प्राण्यांचा नियमित वावर आढळत नाही. मी विचारलं, "सर, आपण कोलशेतला पाहणी कधी केली?"

"अगं, गेलोच नाही तर आढळणार कुठून?" असं म्हणून ते हसले. मीही हसले. मग त्या बंदराचं नाव काढून आमच्या खाडीचं नाव घातलं. एका ठिकाणी जुनं नाव तसंच राहून गेलं. तो अहवाल कितीतरी टेबलांवरून फिरून मंजूर झाला, पण गुजरातेतल्या एका बंदराचं नाव ठाण्याच्या खाडीत काय करतंय, हे कोणीही विचारलं नाही. कोणी वाचलंच नव्हतं.

परवानगी आली ती अटींसकट. मंजुरी देणाऱ्या समितीत कोणीतरी एक जागरूक माणूस असावा, कारण एक अट डॉल्फिनांबद्दल होती. खाडीत लोखंडी खांब ठोकायला सुरुवात करण्याआधी निरीक्षक नेमायचा आणि त्याने अर्धा तास पाण्यावर नजर ठेवायची. डॉल्फिन अर्ध्या किलोमीटरच्या आत दिसला तर तो निघून जाईपर्यंत काम बंद. त्याच्याच खाली आणखी एक ओळ होती: अपरिहार्य असल्यास तात्पुरता व्यत्यय अनुज्ञेय राहील. म्हणजे साध्या मराठीत, अगदीच इलाज नसेल तर द्या थोडा त्रास. ती ओळ मी दोनदा वाचली. पण खरं सांगते, तेव्हा मला आनंदच जास्त झाला होता. सर म्हणाले, "निरीक्षक म्हणून तूच जा, तुला आवड आहे."

खांब ठोकायचं यंत्र खाडीच्या मध्यावर एका मोठ्या तराफ्यावर होतं. तिथवर मला एक काका त्यांच्या होडीतून नेत. साठी ओलांडलेले, कोलशेत गावातलेच. जन्मभर खाडीत मासेमारी केलेली, पण आता जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येतं म्हणून होडी कंत्राटदाराला लावलेली. ते मला "बाय" म्हणायचे. डॉल्फिन हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. ते गादा म्हणत.

"खारीन पानी चरताना येतो गादा," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "मासली भरतीबरोबर आत येते ना, तिच्या मागं यो."

"काका, तुम्ही पाहिलेत?"

"बगितलं काय विचारतंस? आमचे बाबाचे येलेला होरीच्या बाजूबाजूला चालाचे."

मला एकदम लाज वाटली. माझ्या त्या दोन पानांसाठी मी या एका माणसाला विचारलं असतं तरी पुरलं असतं.

हातोडा सुरू झाला की आवाज कानात नाही, छातीत बसायचा. दाढा एकमेकींवर आपटायच्या. पाण्यात तो आवाज याहून लांब जातो. आणि गादा बघतो ते कानाने. आमच्या खाडीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाहीच, स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून तो वाट काढतो, मासा शोधतो, पिल्लू कुठे आहे ते ओळखतो. त्याच्यासाठी तो हातोडा म्हणजे आंधळं करणंच होतं. हे मी पुस्तकात शिकले होते. तराफ्यावर बसल्यावर ते खरं वाटायला लागलं.

आठव्या दिवशी, भरती लागलेली असताना, काकांनी माझ्या दंडाला हात लावला. "बाय, यो बग."

राखाडी पाठ, त्यावर उंचवटा, छोटा पर. आणि तिला अगदी चिकटून दुसरी, लहान आणि काळपट. आई आणि पिल्लू. पिल्लू श्वास घ्यायला वर येताना निम्मं बाहेर उडायचं, तिरकं पडायचं. अजून त्याला ते नीट जमत नव्हतं. मी शिट्टी फुंकली, लाल झेंडा वर केला. हातोडा थांबला.

त्यानंतर जी शांतता पसरली ती मला आजही आठवते. तराफ्यावरचे सगळे कामगार कठड्याशी आले. यंत्र चालवणारा झारखंडचा होता, त्याने विचारलं, "मॅडम, इतनी बड़ी मछली?"

"मछली नहीं. बच्चे को दूध पिलाती है."

"अच्छा," तो म्हणाला, "मतलब माँ है." आणि त्याने यंत्राची चावीच काढून खिशात टाकली.

दोघं पाऊण तास होती. मग आत, वरच्या अंगाला निघून गेली. माझ्या शिक्षणाचा जगाला काही उपयोग झाला, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

दुपारी साइट इंजिनिअर आला. माझ्याच वयाचा, अतिशय सभ्य. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, अंतर मोजलं होतं?"

"नजरेने. अर्ध्या किलोमीटरच्या बरंच आत होते."

"नजरेने म्हणजे बाहेरही असू शकतील. रोज असं थांबलो तर पावसाळ्याआधी काम कसं उरकणार?"

दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची तराफ्यावरून उचलून किनाऱ्यावरच्या केबिनमध्ये ठेवलेली होती. केबिन म्हणजे पत्र्याचा डबा, एसी लावलेला. एकच खिडकी, तीही रस्त्याकडे. तिच्यातून सिमेंटचे मिक्सर दिसत. "तुमच्या सुरक्षेसाठी," इंजिनिअर म्हणाला, "लेडीज आहात तुम्ही." टेबलावर छापील फॉर्मांचा गठ्ठा. निरीक्षणाच्या रकान्यात आधीच टाइप केलेलं होतं, "आढळले नाही". फक्त सहीची जागा मोकळी.

मी म्हटलं, "इथून खाडी दिसत नाही."

तो म्हणाला, "अट वाचा ना मॅडम. निरीक्षक नेमावा असं लिहिलंय. कुठे बसवावा, ते नाही लिहिलेलं."

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "ॲडजस्ट कर. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

आणि मी सही केली. हे सांगायचं टाळलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. अकरा दिवस मी सह्या केल्या. पहिल्या दिवशी हात अडला. तिसऱ्या दिवशी मी आईशी फोनवर, संध्याकाळी भाजी कुठली आणू, असं बोलत सही केली. माणूस किती पटकन सडतो याची मला कल्पना नव्हती. पत्रा थरथरत असायचा, टेबलावरच्या चहात बारीक वर्तुळं उठत असायची, आणि मी तारीख घालून सही करत होते.

बाराव्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. "बाय, ये लवकर. केबिनीत जाव नको. गावाचे बंदरावर ये."

ओहोटी लागलेली होती. काकांनी होडी तिवरांच्या कडेला नेली. चिखलात, पिशव्या आणि थर्माकोलच्या तुकड्यांत, ते पिल्लू पडलेलं होतं. कातडी सोलवटलेली, पोट फुगलेलं. वास असा की मी ओढणी नाकाला लावली आणि लगेच काढलीही, कारण काकांनी नाक धरलेलं नव्हतं. काठावर दोन-तीन जण मोबाइल लांब धरून त्याच्यासोबत स्वतःचा फोटो काढत होते. एकाने तर केस सारखे केले.

काका होडीतून उतरले, गुडघाभर चिखलातून गेले आणि स्वतःचा पंचा त्याच्यावर टाकला. परत आले तेव्हा म्हणाले, "आमी गाद्याला मारत नाय. जाल्यान आला, त जाला कापतो. यवरा म्हाग जाला, तरी कापतो." थोड्या वेळाने म्हणाले, "आय दोन दिस हितंच फिरत होती. मी बगितली. तुला सांगाला पायजे होता."

वनखात्याची माणसं आली. नीट वागली. पण मृतदेह कुजलेला असल्यामुळे मृत्यूचं कारण सांगता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. ते खोटं नव्हतं. त्या हातोड्यानेच पिल्लू गेलं असं मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कोणालाच सांगता येणार नाही. आणि नेमकं तेच सगळ्यांच्या सोयीचं होतं.

काकांनी त्याच दिवशी कंत्राटदाराकडून होडी काढून घेतली. मी केबिनमध्ये परत गेले नाही. अटी पाळल्या जातात की नाही, याचा सहामाही अहवाल सरकारला द्यावा लागे; तो माझ्याकडेच होता. त्यात मी सगळं लिहिलं: आई आणि पिल्लू दिसलं तो दिवस, रस्त्याकडची खिडकी, छापून आलेलं निरीक्षण, आणि माझ्या अकरा सह्या खोट्या आहेत हेही. सरांनी माझ्यासमोर ते वाचलं. चहा संपवला.

"तू स्वतःलाच अडकवतेयस."

"हो."

"हे पुढे जाणार नाही."

"मग माझ्या नावानेही दुसरं काही जायला नको."

"बरं," ते म्हणाले. राजीनामा मी दिला असं मी लोकांना सांगत आले, पण तो त्यांनी मागितला होता.

चार-पाच महिन्यांनी कंपनीने माझ्याऐवजी दिलेला अहवाल सरकारी संकेतस्थळावर आला. डोंबिवलीच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी वाचला. पानापानावर माझी सही. मी नोकरी सोडल्यानंतरच्या दोन महिन्यांच्या फॉर्मांवरही. एकच सही, स्कॅन करून चिकटवलेली, प्रत्येक ठिकाणी शेवटचा फराटा तसाच वळलेला. आणि मी झेंडा दाखवला त्या दिवशीची नोंद अशी: "एक मोठा मासा आढळल्याने खबरदारी म्हणून काम थांबविण्यात आले, अटीचे काटेकोर पालन करण्यात येत आहे." माझी ती एकुलती एक चांगली सकाळ त्यांनी पुरावा म्हणून वापरली होती.

मी तक्रार लिहिली. काकांनी खाली सही केली. ती घेऊन मी ठाण्याच्या सरकारी पर्यावरण कार्यालयात गेले. खिडकीमागच्या बाईंनी सगळी पानं चाळली.

"सही तुमचीच आहे ना मॅडम?"

"अकरा दिवसांची माझी. बाकीच्या चिकटवलेल्या आहेत."

"म्हणजे अकरा दिवस खोटं तुम्हीच लिहिलंत."

"हो. तेही लिहिलंय अर्जात."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या वाईट नव्हत्या. "मग तुमच्यावर विश्वास ठेवायचा कसा, सांगा बरं?" असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. मी पोच घडी करून पर्समध्ये ठेवली.

कंपनीला नोटीस गेली. कंपनीने कळवलं की सह्यांच्या बाबतीत लिपिकाकडून चूक झाली. मला बोलावणं आलंच नाही. तोवर खांब ठोकून झाले होते, वर स्लॅबही पडली होती. वर्षभराने मला पत्र आलं: खुलासा समाधानकारक आहे, प्रकरण बंद करण्यात येत आहे.

मी आता कल्याणला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. पत्र आलं त्यानंतरच्या रविवारी मी ते घेऊन कोलशेतला गेले. काका ओट्यावर जाळं विणत बसले होते. काम सोडल्याने होडीचं भाडं बंद झालं, तेव्हापासून मुलगा त्यांच्याशी धड बोलत नव्हता, हे मला माहीत होतं. मी पत्र वाचून दाखवलं. एकदा, आणि त्यांनी सांगितलं म्हणून पुन्हा एकदा.

"म्हंजे कोनाचीच चूक नाय?"

"लिपिकाची म्हणतायत."

"यो लिपिक कोन?"

"माहीत नाही काका. असेल कोणी, किंवा नसेलही."

त्यांनी हातातला दोरा दाताने तोडला. मग आतून काकूंनी हाक मारली की ताटं वाढलीत, आणि काका म्हणाले, "चल बाय, जेवून जा." मला तोंडात घास घालायची इच्छा नव्हती. पण काकूंनी माझ्यासाठी बोंबलाचं कालवण केलं होतं, भाकरी गरम होती. आम्ही तिघं जेवलो.