काकूचं मध्यंतर

आमची काकू गेली चाळीस वर्षं मध्यंतरात आहे. नाटक अर्धं झालंय, पडदा पडलाय, लोक चहाला बाहेर गेलेत आणि कोणत्याही क्षणी घंटा होईल, अशा तयारीत ती लातूरच्या दोन खोल्यांत संसार करते. तरुणपणी ती एका संगीत नाटक मंडळीची नायिका होती. औसा, हदगाव, पार तिकडं इस्लापूरपर्यंत मंडळीचे खेळ होत. राजकन्या झालेल्या काकूनं पद सुरू केलं की पानवाले दुकानं उघडी टाकून तंबूत येत, असं काका सांगतात. काकांनी स्वतः तो खेळ सात वेळा तिकीट काढून पाहिला आणि आठव्या वेळी थेट मागणी घालायला गेले. लग्नानंतरही ती काम करत होती. मुलगा झाला तेव्हा तिनं मंडळीच्या मालकांना निरोप धाडला, "लेकरू दोन वर्साचं झालं की येते." लेकरू दोन वर्षांचं होईतो मंडळीच बंद पडली. ते कळवायला मात्र कुणी आलं नाही, आणि जे रीतसर कळवलेलं नाही ते काकूच्या लेखी घडलेलंच नाही.

म्हणून तिनं गळा सांभाळून ठेवलाय. त्या घरात दही लागत नाही, चिंच येत नाही, आणि लातूरच्या मे महिन्यातही पाणी कोमट प्यायचं. काका आमच्याकडं ताक प्यायला येतात ते इकडंतिकडं बघत, गुन्हा करायला आल्यासारखे. पहाटे पाचला काकूचा रियाज सुरू होतो आणि आमच्या गल्लीत गजर लावायची पद्धत नाही. शिवाय आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेला पाहिजे, हे अंगात भिनलेलं. तिनं कानात सांगितलेली गोष्ट चौथ्या घरात कळते. पाण्याचा टँकर आला की दारात उभं राहून ती एकदाच म्हणते, "रांगेनं", आणि पलीकडच्या गल्लीतल्या बायासुद्धा रांगेत येतात.

पण सगळ्यात भारी तिची स्वगतं. रंगमंचावर नट मान वळवून मनातलं बोलतो. ते प्रेक्षकांना ऐकू येतं, शेजारी उभ्या असलेल्या पात्राला येत नाही. हा नियम घरातही लागू आहे अशी काकूची प्रामाणिक समजूत आहे. माझ्या लग्नाच्या बोलणीला उदगीरचे पाहुणे आले होते. होणारे सासरे आपल्या शेताची, विहिरीची माहिती देत होते. काकूनं मान उजवीकडं वळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला खणखणीत आवाजात सांगितलं, "माणूस बरा हाय, पण लई बोलून राहिला." बैठक गार झाली. काका शांतपणे म्हणाले, "चालू द्या पाव्हणं. ते तुम्हाला ऐकू येत नसतंय." सासरे आजही तिच्यासमोर मोजकंच बोलतात.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी मला नांदेडहून फोन आला. तिथली काही तरुण मुलं तेच जुनं राजकन्येचं नाटक पुन्हा उभं करत होती. नायिकेचं काम करणाऱ्या मुलीला पदं शिकवायला काकू येतील का, असं त्यांनी विचारलं. मी पळत जाऊन सांगितलं, "काकू, तुला नाटकासाठी नांदेडला बोलावलंय." पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं, पण काकू तोवर आत देवासमोर जाऊन उभी राहिली होती. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा बघून ते वाक्य मी गिळलं.

मग आठ दिवस काकूनं भात सोडला. केस काळे केले, भुवया कोरून घेतल्या, आणि एका दुपारी नऊवारी नेसून आरशासमोर उभी राहिली. वय सत्तरीपुढं, आणि उभं राहणं सोळा वर्षांच्या राजकन्येचं. काकांना मी खरं सांगितलं होतं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तूच सांग बाबा. मला न्हाई जमायचं." मलाही जमलं नाही. इतकी वर्षं वाट बघणाऱ्या बाईला, तुझी वाट कुणी बघत नव्हतं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

नांदेडला एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम होती. दाढीवाला दिग्दर्शक काकूच्या पाया पडला आणि त्यानं हदगावची एक पोरगी पुढं केली. "काकू, ही आमची राजकन्या. हिची पदं तेवढी बसवून द्या." काकूनं मान उजवीकडं वळवली. पण स्वगत आलं नाही. थोड्या वेळानं मान सरळ झाली आणि ती पोरीला म्हणाली, "पेटी घे. सा लाव बरं." मला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली.

पंधरा दिवस आम्ही नात्यातल्या एका घरी राहिलो. काकू रोज तालमीला जायची, पोरीला उभं राहायला, वळायला, श्वास कुठं चोरायचा ते शिकवायची. "घाई नको करू बाई, राजकन्येला कुठली बस गाठायची न्हाई," असं म्हणायची. प्रयोगाला हॉल भरला होता. पोरगी सुरेख गायली, मुख्य पदाला वन्स मोअर मिळाला आणि विंगेत काकू तिच्याबरोबर ओठ हलवत उभी होती. फक्त त्या पदाच्या शेवटी वरच्या सुरावरून खाली येताना गळ्याची एक अवघड जागा आहे, लहानपणापासून माझ्या कानात बसलेली. ती जागा न घेताच पोरगी सरळ पुढं गात गेली. दुसऱ्यांदाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं परत निघालो. लोहा गाव मागं पडल्यावर मी विचारलं, "पोरगी ती शेवटची जागा विसरली का गं?"

"विसरली न्हाई. म्या शिकवलीच न्हाई."

"का?"

काकू खिडकीतून पिवळ्या पडलेल्या सोयाबीनकडं बघत होती. "समदं देऊन बसले, अन् उद्या कुणी मला बोलावलं, तर मी काय घेऊन जाऊ?" हे मात्र ती इतक्या हळू बोलली की पुढच्या सीटवरच्या माणसालाही ऐकू गेलं नसेल.

"बोलावतील की," मी म्हणालो.

"हाव. पण तवा निरोप पुरता सांग. अर्धा नको."

मी मान खाली घातली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि अहमदपूर येईपर्यंत काढला नाही. तेव्हापासून अनोळखी नंबरवरून फोन आला, तरी मी तो पहिल्या घंटीला उचलतो. बहुतेक वेळा कुणीतरी कर्ज घ्या म्हणत असतं. तरीही मी शेवटपर्यंत ऐकून घेतो.