उंचवट्यावरची जास्वंद

श्रावणातला शेवटचा रविवार, सकाळ. हजर: मी, शेजारच्या शोभाताई आणि नुसते बघायला आलेले सोसायटीचे सचिव देशमुख.

आमच्या कंपाउंडलगतची माती काळी, चिकण. गेले दोन पावसाळे तिथली जास्वंद मुळाशी कुजून गेली. यंदाही गेली तर त्या पट्ट्यात फरशी बसवायची, असं मीटिंगमध्ये ठरलं होतं. म्हणून या ज्येष्ठात आम्ही खड्डा खणलाच नाही. माती वरवर भुसभुशीत केली, तिच्यावर पालापाचोळ्याचं खत आणि आणखी माती घालून गुडघाभर उंचवटा केला आणि रोपं त्याच्या माथ्यावर लावली.

"वहिनी, कुणाला पुरलंत?" देशमुखांनी तेव्हा विचारलं होतं.

"अजून जागा आहे," शोभाताई म्हणाल्या होत्या.

आज, रात्रभराच्या पावसानंतर, पाणी उंचवट्याला वळसा घालून मुकाट गेटकडे चाललं होतं आणि वर जास्वंद लालभडक फुलली होती! मला आधीचे खड्डे आठवले. किती हौसेने खोल खणले, किती खत भरलं! त्या मातीत ते खड्डे नव्हतेच, हौद होते. ज्याच्यावर जीव जडतो त्याला आपण देतच राहतो; त्याला श्वासही घ्यायचा असतो, हे कळायला दोन पावसाळे लागतात.

"फरशी रद्द," देशमुख म्हणाले आणि देवासाठी एक फूल मागितलं. मी दोन दिली.

मागच्या कोपऱ्यातली तगर मात्र अजून खड्ड्यात, पाण्यातच उभी आहे. तिला आज दुपारी वर काढायचंय.