ओळीच्या टोकाला तुटणारे शब्द

नगरच्या कापडबाजारामागच्या एका छापखान्यात पुंजाराम वीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवत होता. शिक्षण मराठी सातवी. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल तो डोळे मिटून जुळवी. इंग्रजीची अक्षरं ओळखायचा, शब्द मात्र नाही.

एकाहत्तर साली एका कॉलेजातल्या व्याख्यानाची इंग्रजी पुस्तिका छापायला आली. लांब शब्द ओळीत मावेनासा झाला, की पुंजाराम जागा संपेल तिथं तो तोडायचा आणि आडवी रेघ द्यायचा. पहिलं प्रूफ प्राध्यापकांकडून परत आलं ते लाल शाईनं माखूनच.

"एकोणीस शब्द चुकीचे तोडलेत," मालक आप्पासाहेब म्हणाले. "पुन्हा असं झालं तर काम पुण्याला नेतो म्हणतात."

एवढंच बोलले. त्या दिवशी पुंजारामला जेवण गेलं नाही. संध्याकाळी तो मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या कलाबाईंच्या दारात उभा राहिला.

"बाई, अर्थ नको मला. कुठं तोडायचं तेवढं सांगा."

बाईंनी त्याला शब्द म्हणायला लावले. त्याच्या तोंडून सगळी अक्षरं एकाच वजनाची आली.

"असं सपाट नाही. इंग्रजीत आवाज एका जागी जोरात पडतो." त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "डेमोक्रॅट. जोर 'डे'वर, तेव्हा 'डेमो'पाशी तोड. पण डिमॉक्रसी म्हणताना जोर 'मॉक'वर जातो. मग 'मॉक'मधलं सी हे अक्षर अलीकडच्या तुकड्यातच राहतं, तोड त्याच्यापुढं."

"दोन्ही शब्द तर सारखेच दिसत्यात."

"दिसण्यावर जाऊ नकोस. ऐक."

आठ दिवस तो रोज गेला. खिळे उचलताना ओठ हलायचे, बोट खिळ्यांच्या पेटीवर ठोके द्यायचं. आणि शेवटच्या पानावर नेमका डिमॉक्रसी ओळीच्या टोकाला आला. त्यानं सीचा खिळा अलीकडे ठेवला, मग आडवी रेघ दिली.

आप्पासाहेबांनी डोकावून पाहिलं. "चार अक्षरांवर, 'डेमो'पाशी तोडलं असतंस तर बरं दिसलं असतं."

"न्हाई मालक. आवाज तितं पडत न्हाई."

म्हणाला खरा, पण मग बोटानं ठोके देत तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. बाईंची सांगण्यात चूक झाली असली तर? आपलीच ऐकण्यात झाली असली तर?

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक स्वतः आले. नवं प्रूफ वाचता वाचता त्यांचं बोट त्याच शब्दावर थांबलं.

"हे कोणी तोडलं?"

"मी," पुंजाराम पुढं येऊन म्हणाला.

"माझ्या हातून इथं चूक झाली असती," ते म्हणाले आणि पुढं वाचू लागले.

दोन शब्दांवर लाल खूण राहिलीच. ते दुरुस्त करून पुंजारामनं पानं छपाईला दिली, आणि पहिला कागद बाहेर पडेपर्यंत तो मशीनपासून हलला नाही.