दोन ते तीनची पाळी

माझी झोप उडाली ती शाळेच्या पटामुळे. अमरावतीतल्या आमच्या शाळेत पोरं वर्षागणिक कमी होत चालली होती आणि या खेपेला गणिताच्या दोन शिक्षकांपैकी एक 'अतिरिक्त' ठरणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. अतिरिक्त म्हणजे जास्तीचा. त्याला उचलून जिल्ह्यात जिथे जागा रिकामी असेल तिथे नेऊन ठेवतात. दोघांपैकी एक मी. दुसऱ्या मॅडम, ज्या चर्चमध्येही माझ्या पुढच्याच बाकावर बसतात. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो, त्यामुळे ज्येष्ठ कोण हे कार्यालयालाही ठरवता येईना.

रात्री बरोबर दोनला माझे डोळे उघडायचे. गणिताची रिकामी जागा अंजनगाव सुर्जीला आहे, असं कानावर आलं होतं; मग छताकडे पाहत मी एसटीने तिथे जाऊन यायचो. तेही उभ्याने.

प्रार्थना करत नव्हतो असं नाही. पण आपली फाईल सध्या कोणत्या टेबलावर आहे, तिथला बाबू कसा आहे, त्याला कोणाकडून सांगावं लागेल, हेच मी प्रभूला समजावत बसायचो. एकदा बायको कूस बदलून म्हणाली, "देवाशी बोलून राहिले का शिक्षणाधिकाऱ्याशी?"

अकोल्याहून आईचा फोन आला. "निजताना तेविसावं स्तोत्र म्हणत जाय. मले तं दुसऱ्या ओळीलेच झोप लागते." मी ते अख्खं म्हटलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. झोप आली नाही, पाठांतर मात्र झालं.

शेवटी एका रविवारी मी ती चूक केली. उपासना संपता संपता पाळकसाहेब विचारतात, कोणाची काही प्रार्थना-विनंती आहे का. मी उभा राहिलो आणि सांगितलं, नोकरीची काळजी आहे, रात्री दोनला जाग येते, मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही.

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून मंडळीची आठवडाभराची साखळी-प्रार्थना सुरू होणार होती. तिची रीत अशी, की रात्रभर एकेकाने आपापल्या घरी एकेक तास प्रार्थना करायची आणि आपला तास संपला की पुढच्याला फोन करून उठवायचं. दहा ते अकराच्या तासासाठी माणसं भांडतात. दोन ते तीनला कोणी नाव देत नाही.

"सर, तुमी तसेबी जागेच असता," पाळकसाहेब म्हणाले. "प्रभूची योजना पाहा."

सगळ्या मंडळीने आमेन म्हटलं. झोप मागायला उभा राहिलो आणि रात्रपाळी घेऊन खाली बसलो.

"अजून उभे राहा," घरी येताना बायको म्हणाली. "पुढच्या रविवारी घंटा वाजवाले ठेवतीन."

सोमवारी विनंत्यांची यादी मिळाली. नावं कोणाचीच नव्हती. चौथी माझी: एका भावाची झोप आणि नोकरी. सातवी अशी: एका भगिनीची नोकरी याच शाळेत टिकावी, घरी सासू अंथरुणाला खिळली आहे. मॅडमच्या सासूबाईंना मी पाहिलेलं होतं. दोन शिक्षक, एक जागा. एवढं गणित मला रात्री दोनलाही येत होतं.

माझीच बदली मी गुडघे टेकून, सविनय, देवाकडे मागायची? पहिल्या रात्री मी सहावरून थेट आठवर गेलो. दुसऱ्या रात्री सातवी म्हटली, पण शेवटी 'तुझी इच्छा असेल तर' हे जोडलं. माझ्या चौथीला ते जोडलं नव्हतं. वर राग यायचा तो यादी लिहिणाऱ्यावर, पाळकसाहेबांवर आणि शेजारी घोरणाऱ्या बायकोवर.

त्यात माझ्यानंतरची तीन ते चारची पाळी मॅडमचीच. तीनला मी फोन करायचो. "सलाम मॅडम, तीन वाजले." "सलाम सर." एवढंच.

तिसऱ्या रात्री मी विचारलं, "पहिल्याच रिंगले उचलता. झोपत नाही काय?"

"सासूबाईची कूस बदलावी लागते. अन् झोप तशीबी कुठं येते." मग हळूच म्हणाल्या, "सर, रागावू नका. यादीतला चार नंबर मी सोडून देऊन राहिली."

"दोन्ही रात्री?"

"दोन्ही."

"मी सात सोडला," मी म्हणालो. "काल म्हटला, पण तोबी अट घालूनच."

पलीकडे तोंडावर हात दाबून हसणं ऐकू आलं. मग आम्ही मास्तरांना सुचेल तोच तोडगा काढला. वर्गात पोरं एकमेकांच्या वह्या तपासतात, तसं आपली विनंती आपण म्हणायची नाही. त्यांनी माझी म्हणायची, मी त्यांची.

उरलेल्या चार रात्री मी सातवी म्हटली. मनापासून म्हटली असं सांगणार नाही. पाचव्या रात्री तर दातओठ खाऊन म्हटली. शेवटच्या रात्री मात्र कूस बदलायला कोणाची तरी वाट पाहत पडलेली ती म्हातारी एकदम डोळ्यांपुढे आली, आणि तेवढं एक वाक्य सरळ वर गेलं.

पंधरा दिवसांनी अतिरिक्तांची यादी लागली. तिच्यात मी होतो. अंजनगाव सुर्जी.

जन्मभर इतकं काय काय मागितलं, आणि नेमकी ही सातवीच विनंती मंजूर व्हावी! पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूनं ऐकलं." मी म्हणालो, "हो ना, पण कोणाचं?" त्यांनी विषय बदलला.

मॅडम संध्याकाळी घरी आल्या. डोळे सुजलेले. "सर, मी चारही रात्री तुमची म्हटली होती. खरंच."

"माहीत हाय," मी म्हणालो. "तुमची वही मी नीट तपासली, माहीवर तुमी काट मारली."

त्या हसल्या नाहीत. बायकोने चहा पुढे केला आणि विचारलं, "झोप अन् नोकरी, दोन्ही मागितलं होतं ना? आज पाहू, अर्धं तरी मिळते काय."

त्या रात्री मी नऊला पडलो तो उजाडल्यावरच उठलो. ज्याला भीत होतो ते होऊन गेलं होतं. दोनला उठून करणार काय? याचं श्रेय मॅडमला द्यावं की कार्यालयाला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि त्याची चिडचिड होतेच.

आता पडल्या पडल्या झोप लागते. पण सहाची एसटी गाठायची तर साडेचारला उठावं लागतं. राहिलेली झोप मी गाडीत काढतो. कंडक्टर खांदा हलवतो. "मास्तर, अंजनगाव आलं. रोज मीच उठवू काय तुमाले?"